पाडलेल्या वास्तूचा इतिहास कसा लिहावा : सॅन होजेचे चिनी मंदिर आणि नाशिकचे वाडे

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅन होजे शहरात नाशिककरांची मुले-मुली मोठ्या संख्येने नोकरी करतात, आणि त्यांच्याकडे काही महिने राहायला गेलेल्या आईवडिलांना तेथील हिस्ट्री पार्कमध्ये एक छोटे दुमजली चिनी मंदिर दाखवले जाते. हे मंदिर १९९१ मध्ये उभारलेली प्रतिकृती आहे. मूळ मंदिराचे नाव न्ग शिंग गुंग, म्हणजे पाच देवतांचे मंदिर. ते १८८८ मध्ये शहरातील चिनी वस्तीत बांधले गेले आणि १९४९ मध्ये नगर प्रशासनाने ते पाडले. ज्या वस्तीसाठी ते बांधले होते ती वस्तीही आता अस्तित्वात नाही. तरीसुद्धा त्या इमारतीविषयी आज जेवढे खात्रीपूर्वक सांगता येते, तेवढे नाशिकच्या गावठाणातून गेल्या दोन पिढ्यांत नाहीशा झालेल्या बहुतेक वाड्यांविषयी सांगता येत नाही. वाडा पडतो, जागेवर दुकानांचे गाळे येतात, आणि दहा-पंधरा वर्षांनी उरते ते एकच वाक्य : "इथे पेशवेकालीन वाडा होता."

त्या एका वाक्याच्या पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही, मात्र चिकाटी लागते, आणि जे कळत नाही ते कळल्यासारखे न लिहिण्याची सवय लागते.

सुरुवात शेवटापासून

वास्तूचा इतिहास लिहायला बसणारा माणूस सहसा पहिला प्रश्न विचारतो तो "कोणी बांधली, कधी बांधली" हा. माझ्या मते हे चुकीचे टोक आहे. जुन्या खाजगी इमारतीच्या बांधणीचे कागद क्वचितच सापडतात. पण ती पाडताना मालक, भाडेकरू, नगरपालिका, न्यायालय आणि वर्तमानपत्र या सर्वांना काही ना काही लिहावे लागते. म्हणून पाडण्याच्या वर्षापासून आरंभ करून मागे मागे जावे.

सॅन होजेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील मार्केट स्ट्रीटवरची मोठी चिनी वस्ती ४ मे १८८७ रोजी आगीत भस्मसात झाली. ती आग लावलेली होती, आणि त्याच वर्षी नगर परिषदेने ही वस्ती सार्वजनिक उपद्रव असल्याचे जाहीर केलेले होते, हे दोन्ही कागद शेजारी ठेवले की त्या काळाचे वातावरण वेगळे वर्णन करून सांगावे लागत नाही. देशभरात चिनी मजुरांच्या प्रवेशावर बंदी घालणारा कायदा १८८२ पासून लागू होता. अशा स्थितीत जॉन हाइनलेन या जर्मन स्थलांतरिताने गावकऱ्यांचा रोष पत्करून आपली जमीन चिनी कुटुंबांना भाड्याने दिली. तेथे वसलेल्या वस्तीला त्याच्याच नावावरून हाइनलेनव्हिल म्हटले गेले आणि आगीला वर्ष होते न होते तोच मंदिर उभे राहिले. प्रवेशबंदीमुळे नवी माणसे येईनात, तरुण बाहेर पडले, १९३० च्या दशकात घरे पाडली गेली आणि जमीन नगर प्रशासनाकडे आली. मंदिर मात्र आणखी काही वर्षे टिकले. ते वाचवण्याचा प्रयत्न झाला आणि तो फसला. जागा सरकारी असल्यामुळे या शेवटच्या टप्प्याचे ठराव, बातम्या आणि छायाचित्रे शिल्लक राहिली, आणि पुढे प्रतिकृती उभारणाऱ्यांना त्यांचाच मोठा आधार झाला.

नाशिकच्या वाड्यासाठी हेच कागद कोठे शोधायचे? पहिला कागद धोकादायक इमारतीच्या नोटिशीचा. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी महापालिका गावठाणातील मोडकळीस आलेल्या वाड्यांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २६४ खाली नोटिसा देते. नोटिशीवर मिळकतीचा क्रमांक, मालकाचे किंवा भोगवटादाराचे नाव आणि धोकादायक भागाचे वर्णन असते. "दुसऱ्या मजल्याची पश्चिमेकडील भिंत" एवढे चार शब्द मिळाले तरी वाडा दोन मजल्यांहून कमी नव्हता हे सिद्ध होते. दुसरा कागद नगररचना विभागाकडे पुनर्बांधणीसाठी सादर केलेल्या नकाशाचा. त्यात नव्या इमारतीसोबत पाडायच्या बांधकामाची बाह्यरेषा पुष्कळदा तुटक रेषेने दाखवलेली असते. या फाइली माहिती अधिकार कायदा, २००५ खाली प्रत्यक्ष पाहता येतात. नकलांचा सरसकट अर्ज करण्यापेक्षा आधी अवलोकनाची मागणी करावी, म्हणजे कोणत्या पानांची नक्कल हवी हे नेमके ठरवता येते. त्रयस्थाची खाजगी माहिती म्हणून नकार मिळण्याचा संभव असतो, तेव्हा मालकाचे संमतिपत्र आधीच घेऊन ठेवावे.

तिसरा स्रोत फारसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा आहे : दिवाणी न्यायालयातील वाटपाचा दावा. नाशिकमध्ये भाऊबंदकीचा दावा न झालेला वाडा विरळाच. अशा दाव्यात कोर्ट कमिशनर नेमला गेला असेल, तर तो जागेवर जाऊन मोजमापे घेतो आणि कोणत्या हिश्श्यात कोणती खोली, जिना, आड, संडास व सामायिक बोळ येतो याचा नकाशा जोडतो. भावाभावांनी एकमेकांवर विश्वास न ठेवल्यामुळे वास्तूची इतकी काटेकोर नोंद झाली, ही विनोदी गोष्ट खरी, पण इतिहासकाराने तिचा लाभ घ्यावा. घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील दावेही असेच उपयोगी पडतात. त्यांतून कोणत्या खणात कोण राहत होते हे कळते.

बातम्यांसाठी सार्वजनिक वाचनालयात बसावे. १८४० मध्ये स्थापन झालेली ही संस्था नाशिकच्या वाचकांना नवी नाही. 'गावकरी' १९३८ पासून निघत असल्यामुळे स्वातंत्र्योत्तर काळातील पडझडीच्या बातम्या त्यात मिळण्याचा संभव अधिक. सगळी वर्षे चाळण्यापेक्षा जून ते सप्टेंबरचे अंक आधी पाहावेत, आणि १९६९ च्या महापुरानंतरचे आठवडे तर अजिबात चुकवू नयेत. गोदावरीचे पाणी सराफ बाजारात शिरले की मातीच्या भिंतींचे काय होते, ते तेथे छापलेले असते.

जागा नेमकी कोणती

"भद्रकालीतला तो मोठा वाडा" हा पत्ता नव्हे. सॅन होजेत आणि एकंदर अमेरिकी शहरांत या कामासाठी आगविमा कंपन्यांसाठी काढलेले सॅनबोर्न नकाशे वापरतात. त्यांत प्रत्येक इमारतीची बाह्यरेषा, मजल्यांची संख्या आणि बांधकामाचे साहित्य रंगाने दाखवलेले असते : विटांना गुलाबी, लाकडाला पिवळा. मात्र या नकाशांचा एक दोष ध्यानात ठेवावा. विमा कंपनीच्या माणसाला आगीच्या धोक्याशी मतलब होता. चिनी घरांवर तो नुसते "चिनी" एवढेच लिहून पुढे जात असे. घरात कोण राहते, दुकान कशाचे आहे, याची विचारपूस त्याने केली नाही. बाहेरच्या माणसाने काढलेला नकाशा भिंतींबद्दल विश्वसनीय आणि माणसांबद्दल मुका असतो.

आपल्याकडे असा आगविम्याचा नकाशा मिळत नाही, पण नगर भूमापन कार्यालयाचा नकाशा आणि मिळकत पत्रिका मिळते. मिळकत पत्रिकेची अलीकडची प्रत ऑनलाइन निघते. आपल्याला हवी असते ती जुनी, हस्तलिखित प्रत आणि तिच्यासोबतची चौकशी नोंदवही. नगर भूमापन झाले त्या वेळी प्रत्येक धारकाने आपला हक्क कशाच्या आधारे सांगितला, ते या नोंदवहीत दोन-चार ओळींत लिहिलेले असते : वडिलार्जित, अमुक सालच्या खरेदीखताने, गहाणातून, इनामाने. खरेदीखताचा उल्लेख सापडला की दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्तांची मिळकतवार यादी) पाहून मूळ दस्त काढता येतो, आणि त्या दस्तातील चतु:सीमा फार काळजीपूर्वक वाचाव्यात. "पूर्वेस सरकारी रस्ता, दक्षिणेस अमक्याचा वाडा, उत्तरेस सामायिक बोळ" या मजकुरातून शेजारच्या, तुम्ही शोधतही नसलेल्या दुसऱ्या नाहीशा वाड्याचा पत्ता लागतो. एका गल्लीतील चार-पाच दस्तांच्या चतु:सीमा एकत्र मांडल्या तर गल्लीचा जुना नकाशाच तयार होतो.

एक सावधगिरी घ्यावी. महापालिकेचा घर क्रमांक, नगर भूमापन क्रमांक आणि घरपट्टीचा मिळकत क्रमांक हे तीन निरनिराळे आकडे असतात आणि ते वेळोवेळी बदललेलेही असतात. महापालिका १९८२ मध्ये स्थापन झाली, त्यापूर्वी नगरपालिकेचा कारभार होता. जुन्या पावतीवरील क्रमांक आजच्या यादीत शोधू नये. तीनही क्रमांक वर्षासह एका तक्त्यात लिहून ठेवावेत.

अलीकडे पडलेल्या वाड्यांसाठी आणखी एक सोपा उपाय आहे. गूगल अर्थवर मागील वर्षांची उपग्रह छायाचित्रे पाहण्याची सोय असते. वाड्याचा चौक वरून पाहिला असता छपरांच्या मधोमध काळसर आयतासारखा दिसतो. वर्षे पुढे सरकवत जावे. ज्या वर्षी तो आयत नाहीसा होतो त्या वर्षाच्या आसपास वाडा पडला असे धरून वरील कागदांचा शोध घ्यावा.

"पेशवेकालीन" म्हणण्यापूर्वी

हा शब्द नाशिकमध्ये फार स्वस्त झाला आहे. सरकारवाडा, सुंदरनारायण मंदिर, नारोशंकराचे मंदिर या वास्तूंना तो शोभतो, कारण त्यांच्यामागे कागद आहेत आणि बांधकामही त्याची साक्ष देते. परंतु गावठाणातील पुष्कळसे वाडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आणि काही तर विसाव्या शतकातलेही होते. त्यात कमीपणा काहीच नाही. वय फुगवले की उरलेल्या मजकुरावरचाही वाचकाचा विश्वास उडतो, एवढाच मुद्दा आहे.

वास्तू उभी नसताना तिचे वय कसे अजमावावे? छायाचित्रे आणि उरलेले अवशेष यांतून. लोखंडी तुळया, बिडाचे कठडे, रंगीत काचा यांचा सर्रास वापर नाशिकसारख्या गावी रेल्वेनंतर, म्हणजे १८६० च्या दशकानंतर सुरू झाला. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला, तेव्हा त्याआधीच्या छपरावर ती कौले असणे शक्य नाही. मात्र छप्पर बदलले जाते, खांब राहतो. म्हणून सर्वांत नवा भाग पाहून वास्तू नवी ठरवू नये आणि सर्वांत जुना खांब पाहून ती जुनीही ठरवू नये, कारण एका वाड्याचे खांब दुसऱ्या वाड्यात बसवण्याची रीत होती. जोत्याचा कातीव दगड, चपट्या पातळ विटा आणि चुन्याचा दर्जा यांचा एकत्रित विचार करावा आणि तुलनेसाठी सराफ बाजारातील सरकारवाड्यात जाऊन प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून यावे.

वास्तू सरदार घराण्याशी किंवा इनामाशी संबंधित असेल तरच पुण्याच्या पेशवे दप्तराकडे वळावे. तेथील कागद मोडी लिपीत आहेत आणि सामान्य सावकाराच्या किंवा भिक्षुकाच्या घराचा त्यात उल्लेख मिळण्याची आशा कमी. आनंदवल्लीचा राघोबादादांचा वाडा हा त्या दप्तरात शोधण्याचा विषय. रविवार कारंज्याजवळच्या व्यापाऱ्याचे घर नव्हे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नाशिकवरील सोळावा खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. शहराच्या पेठा, देवळे, घाट यांसाठी तो जरूर वाचावा, पण तो प्रशासकाच्या नजरेतून लिहिलेला आहे आणि सॅनबोर्नच्या नकाशासारखाच तोही घरातील माणसांविषयी मुका आहे.

माणसांकडून काय मिळवावे

कागद भिंती देतात; त्यांच्या आतला दिनक्रम माणसांकडूनच मिळतो. न्ग शिंग गुंगच्या बाबतीत वरच्या मजल्यावर देवघर होते आणि इमारत सभेसाठी, मुलांना चिनी भाषा शिकवण्यासाठी आणि आल्यागेल्याच्या मुक्कामासाठीही वापरली जाई, हे वस्तीत वाढलेल्या लोकांच्या आठवणींमुळे जिवंत राहिले. केवळ नकाशा पाहणाऱ्याने तिला फक्त देऊळ म्हटले असते.

आठवणी विचारताना "वाडा कसा होता हो?" असे विचारू नये, त्याचे उत्तर नेहमी "फार मोठा होता" असेच येते. वाटेने विचारावे. रस्त्यावरून दिंडी दरवाजातून आत आल्यावर पहिले पाऊल कोठे पडायचे, चपला कोठे काढायच्या, ओसरीवर कोण बसायचे, माजघरात पाहुण्याला प्रवेश होता का, पाणी आडाचे की नळाचे, धान्याचे बळद कोणत्या भिंतीत होते, जिन्याच्या कितव्या पायरीवर डोके आपटायचे. शरीराला झालेली आठवण पक्की असते. बोलणाऱ्याच्या हाती कागद देऊन आराखडा काढायला सांगावा. प्रमाण चुकेल, पण दारे सहसा चुकत नाहीत. त्याच वाड्यात वाढलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्रपणे, पहिला आराखडा न दाखवता, हेच करून घ्यावे.

केवळ मालकाच्या घराण्याशी बोलून थांबणे हा या कामातील नेहमीचा दोष आहे. वाड्यात बिऱ्हाडकरूंची संख्या मालकापेक्षा जास्त असे. त्यांच्या स्त्रियांना परसातला भाग ठाऊक असतो, पुरुषांना ओसरीचा. धुणीभांडी करणाऱ्या बाई, दूधवाला, मागच्या बोळातून येणारे सफाई कामगार यांना वाड्याची दुसरीच बाजू माहीत असते, आणि कोणाला कोणत्या दारापलीकडे येऊ देत नसत हेही तेच सांगू शकतात. ते लिहून ठेवणे अप्रिय असले तरी आवश्यक आहे. वास्तूचे नकाशे अशाच नियमांनी आखलेले होते. सॅन होजेच्या नगर परिषदेने आपल्या पूर्वसुरींनी चिनी रहिवाशांवर केलेल्या अन्यायाबद्दल २०२१ मध्ये ठराव करून माफी मागितली, त्याला आधार असल्याच अप्रिय नोंदींचा होता.

छायाचित्रांबाबत नाशिककरांची एक सोय आहे. वाड्याचा फोटो म्हणून कोणी फोटो काढत नसे, पण सिंहस्थ, रामरथाची मिरवणूक आणि रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा हौद) यांचे फोटो घरोघरी आहेत. शनि चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट गल्ली येथील रहाडीच्या चित्रांत रंगलेल्या माणसांच्या मागे सज्जे आणि खिडक्या दिसतात. अल्बम मागताना "वाड्याचे फोटो आहेत का" असे न विचारता "मुंजीचे, लग्नाचे, रहाडीचे आहेत का" असे विचारावे. फोटो जागेवरच मोबाइलने टिपून मूळ प्रत लगेच परत करावी, आणि मागच्या बाजूवरील मजकुराचाही फोटो घ्यावा.

सुटे झालेले भाग

सॅन होजेचे मंदिर पाडले गेले तरी त्याची चीनमध्ये कोरलेली मूळ वेदी वाचली होती, आणि प्रतिकृती बांधली ती त्या वेदीला पुन्हा घर मिळावे म्हणून, असे म्हटले तरी चालेल. वाड्याचे खांब, तक्तपोशी, देवघर, दरवाजे अशाच प्रकारे विकले जातात आणि जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांमार्फत हॉटेलांत, फार्महाऊसमध्ये जाऊन बसतात. पाडकामाचा ठेका घेणाऱ्याला विचारल्यास माल कोठे गेला ते पुष्कळदा कळते. खांबाची उंची आणि दोन खांबांमधील खणाचे माप घेता आले तर मजल्याची उंची आणि चौकाची लांबी बऱ्यापैकी काढता येते.

पायाच्या खोदाईत काही सापडल्यास स्वतः उकरू नये. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. खापरे, बाटल्या, विटा यांचे फोटो मात्र त्या हलवण्यापूर्वी, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावेत. सॅन होजेच्या जळालेल्या मार्केट स्ट्रीट वस्तीचे अवशेष १९८० च्या दशकात हॉटेलच्या बांधकामात निघाले आणि खोक्यांत भरून बरीच वर्षे तसेच पडून राहिले. २००२ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहभागाने त्यांची यादी करण्याचे काम सुरू झाले. वस्तू जपणे आणि तिची नोंद करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे लांबले की पहिल्याचा अर्धा उपयोग जातो.

लिहिताना

प्रत्येक विधानापुढे त्याचा दर्जा लिहावा. मी तीन दर्जे सुचवतो : कागदाने सिद्ध, दोन स्वतंत्र व्यक्तींनी सांगितलेले, एकाच व्यक्तीने सांगितलेले. "वाड्याखालून गोदावरीपर्यंत भुयार होते" हे विधान नाशिकच्या प्रत्येक वाड्याबद्दल सांगितले जाते. ते तिसऱ्या दर्जात, सांगणाऱ्याच्या शब्दांत ठेवावे, खोडूही नये आणि मुख्य मजकुरात घेऊही नये. आराखडा काढताना माहीत असलेली भिंत ठळक रेषेने आणि तर्काने बसवलेली भिंत तुटक रेषेने दाखवावी. संगणकावर तयार केलेले गुळगुळीत त्रिमितीय चित्र हा फरक पुसून टाकते, म्हणून ते केलेच तर आराखड्यासोबतच प्रसिद्ध करावे.

हयात व्यक्तींची नावे, चालू दाव्यांचे क्रमांक आणि कुटुंबातील तंटे मजकुरातून वगळावेत. ज्यांनी माहिती दिली त्यांना छापण्यापूर्वी त्यांचा भाग वाचून दाखवावा. दुरुस्त्या याच वेळी निघतात. तयार मजकुराची एक छापील प्रत वाचनालयाला द्यावी, एक त्या घराण्याला द्यावी, आणि फोटोंच्या मूळ फाइली वर्ष, ठिकाण व मिळकत क्रमांक फाइलच्या नावातच घालून किमान दोन ठिकाणी साठवाव्यात.